विश्लेषण : घरात प्रवाळांचा टँक उभारायचाय? आधी कायदा, मग पाणी आणि मासे सगळ्यात शेवटी!

निळ्या प्रकाशात डोलणारे प्रवाळ आणि त्यांच्यामधून डोकावणारा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा ‘निमो’... समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती पाहून खाऱ्या पाण्याचा ‘रीफ टँक’ घरी आणण्याची इच्छा अनेकांना होते. मात्र गप्पी-गोल्डफिश सांभाळल्याचा अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही. शिवाय भारतात बहुतेक प्रवाळांना वाघाइतकेच कायद्याचे संरक्षण आहे. पहिला रीफ टँक उभारताना काय करावे, काय टाळावे आणि घाई का महागात पडते, याचा आढावा.

रीफ टँक म्हणजे नेमके काय?

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात फक्त मासे असतात. दुसऱ्यात माशांबरोबर प्रवाळ, कोळंबी, शंखातल्या गोगलगायी असे सजीव एकत्र नांदतात. हा दुसरा प्रकार म्हणजे रीफ टँक. प्रवाळ झुडपासारखे दिसत असले तरी ते प्राणी आहेत. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, ते प्रकाशाच्या मदतीने अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. त्यामुळे प्रवाळाला योग्य प्रकाश, वाहते पाणी, स्थिर तापमान आणि स्थिर क्षारता या चारही गोष्टी लागतात.

समुद्रात हे सारे आपोआप सांभाळले जाते, कारण तेथे पाणी अथांग असते. घरातल्या टाकीत ते जेमतेम दोनशे लिटर असते. समुद्रात एक मासा मेला तर काही बिघडत नाही. टाकीत खडकामागे मेलेला एक मासा वेळेत काढला नाही, तर एका रात्रीत बाकीच्यांच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच या छंदात मासे पाळण्याआधी पाणी ‘पाळायला’ शिकावे लागते.

कायदा काय सांगतो?

परदेशी चित्रफितींमध्ये हा प्रश्न येत नाही, पण भारतात तो सर्वांत आधी येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून प्रवाळांचा समावेश आहे. भित्ती बांधणारे सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि पंख्यासारखे दिसणारे ‘सी फॅन’ हे सगळे त्यात येतात. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. मात्र प्रवाळांचे संरक्षण कायम राहिले. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

हे संरक्षण किती गांभीर्याने घेतले जाते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजी अलीजवळ आढळलेल्या प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० मध्ये दुसरीकडे हलवाव्या लागल्या. त्यासाठी महापालिकेला वन्यजीव कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागली आणि राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेची मदत घ्यावी लागली. तळहाताएवढ्या वसाहतींसाठी एवढी प्रक्रिया असेल, तर दिवाणखान्यातल्या टाकीत अशा प्रवाळाचा तुकडा बिनदिक्कत ठेवता येणार नाही, हे उघड आहे.

मृत प्रवाळाचा सांगाडाही या कायद्यातून सुटत नाही. त्यामुळे मालवण, लक्षद्वीप किंवा अंदमानच्या सहलीत किनाऱ्यावर मिळालेला पांढरा तुकडा शोभेसाठी टाकीत टाकणे गुन्हा ठरू शकते. निसर्गातून आणलेला ‘लाइव्ह रॉक’ हा बहुतेक वेळा जुन्या प्रवाळाचाच भाग असतो, त्यामुळे तोही टाळावा. समुद्रघोडा आणि मोठ्या आकाराचे ‘जायंट क्लॅम’ शिंपले यांनाही संरक्षण आहे. ‘माल इम्पोर्टेड आहे’ एवढे विक्रेत्याचे तोंडी आश्वासन पुरेसे नसते. दगडी प्रवाळ, समुद्रघोडे आणि जायंट क्लॅम यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटिस’ कराराचेही नियंत्रण आहे. या करारानुसार कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत नोंदवलेले परदेशी सजीव बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. शंका असेल तेथे वनविभागाकडे विचारणा करून मगच खरेदी करावी.

मग टाकीत ठेवायचे तरी काय?

पहिल्या टाकीसाठी पर्याय कमी नाहीत. खडक म्हणून बाजारात सिरॅमिकचे किंवा कृत्रिमरीत्या बनवलेले सच्छिद्र खडक मिळतात. त्यांच्या छिद्रांत उपयुक्त जिवाणू घर करतात आणि कालांतराने त्यांवर जांभळ्या शैवालाचा थरही चढतो. शिवाय त्यांच्याबरोबर नको असलेले खेकडे किंवा किडे टाकीत येत नाहीत.

प्रवाळांमध्ये मश्रूम आणि झोअँथिड हे मऊ प्रकार नवख्यांसाठी सोपे मानले जातात. त्यांना दगडी सांगाडा नसतो आणि वर दिलेल्या संरक्षित गटांतही त्यांची नावे नाहीत. तरीही कृत्रिमरीत्या वाढवलेला तुकडाच घ्यावा, पावतीवर प्रजातीचे नाव लिहून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी.

माशांमध्ये क्लाउनफिशला पर्याय नाही. याच माशाला २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’ चित्रपटाने घराघरांत पोहोचवले. विशेष म्हणजे याचे प्रजनन भारतात होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचे तंत्र विकसित केले आहे आणि नवी मुंबईत ऐरोली येथेही शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभी राहिली आहे. हॅचरीत जन्मलेला मासा टाकीला आणि कोरड्या खाद्याला सरावलेला असतो. समुद्रातून पकडलेल्या माशाबाबत तशी खात्री नसते. आग्नेय आशियातील काही भागांत मासे गुंगवण्यासाठी सायनाइड वापरले जाते. त्यात मासा वरून धडधाकट दिसला तरी काही दिवसांत दगावू शकतो आणि आजूबाजूचे प्रवाळही मरतात.

टाकी केवढी असावी आणि कुठे ठेवावी?

‘पहिली टाकी आहे, लहानच घेऊ’ हा सर्वांत मोठा गैरसमज. पाणी जितके कमी, तितके त्याचे तापमान आणि क्षारता लवकर बदलतात. त्यामुळे फूटभराची छोटी टाकी नवख्यासाठी सोपी नसते, उलट अवघड असते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच हे माप सुरुवातीसाठी सोयीचे आहे. तिची क्षमता सुमारे १९० लिटर असते. खडक टाकल्यावर आणि वर थोडी जागा सोडल्यावर प्रत्यक्ष पाणी साधारण १६० लिटर बसते.

पाणी, काच, खडक आणि स्टँड मिळून वजन अडीचशे ते तीनशे किलोंपर्यंत जाते आणि ते पाच चौरस फुटांहून कमी जागेवर येते. निवासी इमारतींच्या जमिनीचा आराखडा साधारणपणे प्रति चौरस मीटर दोनशे किलो भार गृहीत धरून केलेला असतो. त्यामुळे टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईवर किंवा भार वाहणाऱ्या भिंतीलगत ठेवावी. इमारत जुनी असेल तर संरचना अभियंत्याला विचारणे शहाणपणाचे. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळावी, कारण पाणी तापते आणि हिरवे शेवाळ माजते.

विजेची काळजी त्याहून महत्त्वाची. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे आणि त्याचा क्षार वायरीवरून सरपटत प्लगपर्यंत पोहोचतो. म्हणून योग्य अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी हवाच. बोर्ड टाकीच्या खाली नसावा. प्रत्येक वायरीला प्लगच्या आधी खाली लोंबणारा झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल.

समुद्राचे पाणी आणले तर चालेल का?

मुंबई-कोकणात हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर ‘नाही’ असेच आहे. शहराजवळच्या किनाऱ्यावरील पाण्यात सांडपाणी, गाळ आणि तेलाचे अंश असतात. पावसाळ्यात नद्या-नाल्यांचे गोडे पाणी मिसळल्याने त्याची क्षारताही घटते.

त्याऐवजी शुद्ध पाण्यात मत्स्यालयासाठीचे सागरी मीठ विरघळवून पाणी तयार करतात. स्वयंपाकघरातील मीठ किंवा खडेमीठ येथे चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम असे अनेक घटक ठरावीक प्रमाणात असतात. क्षारता लिटरमागे ३५ ग्रॅम, म्हणजेच विशिष्ट घनता १.०२५ ते १.०२६ असावी. मिश्रणात थोडा ओलावा असल्याने प्रत्यक्षात लिटरला सुमारे ३७ ग्रॅम मीठ लागते. म्हणजे १६० लिटरसाठी जवळपास सहा किलो. मोजमापासाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा.

मुळात वापरायचे पाणीही साधे नको. नळाच्या पाण्यात क्लोरिन असते, बोअरच्या पाण्यात क्षार आणि नायट्रेट असू शकतात. घरच्या आरओ यंत्रातून आलेल्या पाण्यातही थोडे क्षार उरतात आणि काही यंत्रे तर चवीसाठी ते पुन्हा मिसळतात. म्हणून आरओनंतर डीआय रेझिनचा टप्पा असलेले यंत्र लागते. त्यातून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्याच्या आसपास असावा.

आणखी एक गल्लत नेहमी होते. टाकीतले पाणी उडून जाते, पण मीठ मागेच राहते. त्यामुळे रोज घटलेली पातळी खाऱ्या नव्हे, तर शुद्ध गोड्या पाण्यानेच भरायची. हे काम विसरले जात असेल तर पाणी आपोआप भरणारे उपकरण लावावे.

कोणती उपकरणे अटळ आहेत?

पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस राहायला हवे. महाराष्ट्रात हीच खरी कसोटी ठरते. एप्रिल-मे महिन्यांत खोलीचेच तापमान ३५ अंशांपुढे जाते आणि दिवे-पंपांची उष्णता त्यात भर घालते. पाण्यावर वारा सोडणाऱ्या पंख्याने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, पण कोकणच्या दमट हवेत त्याचा परिणाम कमी होतो. त्यामुळे चिलर ही बहुतेक ठिकाणी चैन नसून गरज आहे. पुणे-नाशिकच्या थंडीत मात्र हीटरही लागतो.

पाणी खेळते ठेवण्यासाठी वेव्हमेकर, माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न फेसाबरोबर बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर आणि निळ्या छटेचा एलईडी दिवा ही पुढची तीन उपकरणे. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, फॉस्फेट, क्षारीयता आणि पीएच तपासणारी किट्स सुरुवातीपासून हवीत. वीज गेल्यावर पाणी थांबते, प्राणवायू घटतो आणि काही तासांत मासे गुदमरू लागतात. म्हणून किमान वेव्हमेकर इन्व्हर्टरवर असावा किंवा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा.

पहिले दीड महिने टाकी रिकामी का ठेवायची?

नवखे येथेच चुकतात. टाकी भरली, दिवे लागले, पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते; मग थांबायचे कशाला, असे वाटते. पण स्वच्छ दिसणारे पाणी राहण्याजोगे असतेच असे नाही.

माशांची विष्ठा आणि कुजलेले अन्न यांतून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो आणि समुद्री पाण्याचा पीएच ८.० ते ८.४ असल्याने त्याचा विषारीपणा आणखी वाढतो. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू नव्या टाकीत जवळपास नसतातच. खडकांवर त्यांची वसाहत उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. यालाच ‘सायकलिंग’ म्हणतात.

त्यासाठी माशाचा बळी देण्याची गरज नाही. बाटलीतला अमोनिया थोड्या प्रमाणात घालून किंवा चिमूटभर खाद्य कुजवूनही सायकल सुरू करता येते. आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, शेवटी नायट्रेट. अमोनिया घातल्यावर २४ तासांत तो आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले, की टाकी तयार झाली असे समजावे. बाजारातल्या जिवाणूंच्या बाटल्यांनी हा काळ कमी होऊ शकतो. तरी अंतिम शब्द चाचणीच्या किटचाच. याच काळात तपकिरी आणि मग हिरवे शेवाळ येते. तो बिघाड नसून टाकी मुरण्याचा भाग आहे.

मासे कोणत्या क्रमाने सोडायचे?

सगळे एकदम सोडले तर नुकत्याच तयार झालेल्या जिवाणूंवर ताण येतो आणि अमोनिया पुन्हा वाढतो. म्हणून दोन भरतींमध्ये दोन ते तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे. सर्वांत आधी शेवाळ खाणाऱ्या काही गोगलगायी. त्यांना अन्न पुरेल इतक्याच घ्याव्यात. त्यानंतर क्लाउनफिशची जोडी. दोन लहान पिल्ले घेतली तरी जोडी जमते, कारण क्लाउनफिश जन्मतः नरच असतो आणि गटातला वरचढ मासा पुढे मादी होतो. त्याच्यासाठी समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोनी घेण्याची गरज नसते. ॲनिमोनीला मुरलेली टाकी लागते. नव्या टाकीत ती मरते आणि पाणीही नासवते.

पुढच्या टप्प्यात गोबी किंवा फायरफिशसारखा शांत मासा आणि क्लीनर कोळंबी घेता येते. फायरफिश उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळी हवी. भांडखोर डॅमसेल स्वस्त असतात म्हणून आधी घेतले जातात आणि नंतर येणाऱ्या प्रत्येक माशाचा पाठलाग करतात. ते टाळावेत, घ्यायचेच असतील तर शेवटी घ्यावेत. तीन फुटी टाकीत चार-पाच लहान मासे पुरेत.

मोहात पाडणारे दोन मासे मुद्दाम सांगायला हवेत. ‘डोरी’ म्हणून ओळखला जाणारा ब्लू टँग पूर्ण वाढल्यावर ३० सेंटिमीटरपर्यंत जातो आणि त्याला पोहायला लांब जागा लागते. रंगीत मँडरिन मासा बारीक जिवंत कवचधारी जीव टिपून खातो. नव्या टाकीत ते पुरेसे नसल्याने तो डोळ्यांदेखत उपाशी मरतो.

दुकानात मासा घेण्याआधी तो खाद्य खातो का, हे समोर पाहावे. घरी आणल्यावर थेट मुख्य टाकीत न सोडता चारेक आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांचा आजार एकदा मुख्य टाकीत शिरला, की त्यावरचे तांबेयुक्त औषध तेथे घालता येत नाही, कारण त्याने कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ मरतात. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवण्याची वेळ येते.

प्रवाळ कधी आणि कसे लावायचे?

टाकी सुरू होऊन दोन-तीन महिने झाले, नायट्रेट लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आत स्थिरावले आणि क्षारीयता आठ-नऊ डीकेएचवर टिकली, की एक-दोन तुकड्यांनी सुरुवात करावी. नवा तुकडा आधी तळाशी, कमी प्रकाशात ठेवून हळूहळू वर न्यावा. मऊ प्रवाळांना वेगळे कॅल्शियम पुरवावे लागत नाही. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले तरी त्यांची गरज भागते.

एक धोका मात्र गंभीर आहे. झोअँथिडच्या काही प्रकारांत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. असे खडक घासताना किंवा गरम पाण्याने धुताना त्याचे तुषार श्वासात गेल्याने परदेशात कुटुंबेच्या कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून ते हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये आणि खडक कधीही उकळू नये. लहान मुले असलेल्या घरात मश्रूम प्रवाळावर समाधान मानलेले बरे.

खर्च आणि वेळेचे गणित काय?

टाकीची काच हा यातला लहान खर्च असतो. चिलर, दिवा, स्किमर आणि पाणी शुद्ध करणारे यंत्र यांचा खर्च तिच्यापेक्षा जास्त येतो. म्हणून टाकीचे नव्हे, तर सगळ्या यादीचे दरपत्रक आधी मागावे आणि चिलरला पैसे उरत नसतील तर खरेदी पुढे ढकलावी.

दरमहा खर्च सुरूच राहतो. आठवड्याला १६ लिटर पाणी बदलायचे तर महिन्याला सुमारे अडीच किलो सागरी मीठ लागते. १०० वॉटचा दिवा आठ तास, ४० वॉटचे पंप दिवसभर आणि उन्हाळ्यात २०० वॉटचा चिलर आठ तास चालला, तर दिवसाला साडेतीन युनिटच्या आसपास वीज लागते. म्हणजे महिन्याला शंभरावर युनिट, आणि त्यामुळे घरचे बिल वरच्या टप्प्यात जाण्याचीही शक्यता. रोज दहा-पंधरा मिनिटे आणि आठवड्याला दोन तास टाकीसाठी काढावे लागतात. गणपतीत आठवडाभर गावी जाताना खाद्याच्या मोजून ठेवलेल्या पुड्या आणि पाणी भरणारे विश्वासू माणूस लागते. शेजाऱ्याने प्रेमापोटी घातलेले मूठभर खाद्य टाकी नासवायला पुरेसे ठरते.

टाकी बंद करायची वेळ आली तर?

बदली, आजारपण, घर बदलणे... कारण काहीही असो, टाकीतले जीव समुद्रात किंवा खाडीत सोडू नयेत. हिंद-प्रशांत महासागरातील लायनफिश अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर पोहोचला आणि आज तो अटलांटिकमधील स्थानिक माशांचा काळ बनला आहे. त्यामागे मत्स्यालयांतून सुटलेले मासेच असल्याचे मानले जाते. जीव दुसऱ्या छंदिष्टाला किंवा दुकानाला परत द्यावेत. क्लाउनफिश चांगल्या टाकीत दहा वर्षांहून अधिक जगतो. म्हणजे आज घेतलेला मासा शाळकरी मूल महाविद्यालयात जाईपर्यंत घरात असू शकतो.

एवढी जबाबदारी आत्ताच नको वाटत असेल, तर प्रवाळांशिवाय कृत्रिम खडक, क्लाउनफिशची जोडी आणि एखादा गोबी एवढ्यावर वर्षभर हात बसवावा. पाणी वर्षभर स्थिर ठेवता आले, तर प्रवाळ नंतर कधीही आणता येतात. टाकी चालवण्याआधी तिच्यासाठी थांबता येते का, हीच या छंदातली पहिली परीक्षा आहे.